गाव आणि बापाचे नाव : महायुद्धात बुडालेल्या खलाशांच्या नोंदींविषयी खुले पत्र

प्रति,
दुसऱ्या महायुद्धातील भारतीय खलाशांचे कागद ज्यांच्या ताब्यात आहेत ती सरकारी अभिलेखागारे, जहाज कंपन्या व त्यांचे एजंट, खलाशांच्या संघटना, कोकणातील जमाती (गावोगावच्या मुस्लिम पंचायती) आणि मुंबईतील गोवेकरांच्या कुडी (गाववाल्यांच्या सामायिक खोल्या) यांच्या प्रमुखांस,

विषय : खलाशांच्या नोंदींची गाववार सूची तयार करून ती खुली करण्याबाबत.

सविनय नमस्कार.

मी दापोली तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. हे पत्र मी माझ्या बालमित्राच्या संमतीने लिहीत आहे. आम्ही दोघांनीही ऐंशी ओलांडली आहे. मित्राने आपल्या वडिलांना कधी पाहिले नाही, कारण तो आईच्या पोटात असतानाच ते बोटीवर गेले आणि परतले नाहीत. वडिलांचे, गावाचे आणि जहाजाचे नाव मी या पत्रात मुद्दाम देत नाही. त्याचे कारण पत्राच्या शेवटी आपल्या लक्षात येईल.

लहानपणापासून आम्ही ऐकत आलो होतो की मित्राचे वडील गोदीच्या स्फोटात गेले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज फुटले, त्यात स्फोटके आणि कापूस एकत्र भरलेला होता, हे आमच्याकडच्या कोणत्याही वयस्कर माणसाला सांगावे लागत नसे. मांडवी, डोंगरी, मशीद बंदर या भागांत कोकणातली माणसे दाटीने राहत होती आणि जवळजवळ प्रत्येक गावात त्या दिवसाची एक तरी आठवण होती. मित्राच्या घरी दरवर्षी त्या दिवशी, इंग्रजी तारीख धरून, फातिहा होत असे आणि शिरणी आमच्याही घरी येत असे. त्याच्या आईने हा रिवाज मरेपर्यंत पाळला आणि तिच्या मागे मित्राने तो चालू ठेवला.

गेल्या वर्षी आम्हाला कळले की ही तारीख चुकीची होती. मित्राचे वडील ज्या मालवाहू जहाजावर होते ते ऑक्टोबर १९४२ मध्ये, म्हणजे स्फोटाच्या दीड वर्ष आधीच, केपटाऊनच्या बाजूच्या समुद्रात जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने बुडाले होते. भूमध्य समुद्राचा रस्ता युद्धामुळे धोक्याचा झाल्याने इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधली बहुतेक जहाजे तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून जात होती, आणि त्याच महिन्यात जर्मन पाणबुड्यांची एक तुकडी केपच्या पाण्यात उतरून एकामागून एक जहाजे बुडवत होती. हे सारे आज कोणत्याही चांगल्या इतिहासग्रंथात वाचायला मिळते. त्या जहाजांवर काम करणाऱ्यांच्या घरी मात्र ते कधी पोचले नाही.

गैरसमज कसा झाला तेही आता उलगडले आहे. कंपनीच्या मुंबईतील एजंटाकडून विधवेच्या नावाने रक्कम आली ती १९४४ च्या मे महिन्यात. सोबतचे पत्र इंग्रजीत होते आणि मोहल्ल्यात ते वाचू शकेल असे त्या वेळी कोणी नव्हते. पोस्टमनने पैसे मोजून दिले, अंगठा घेतला, आणि पैसे मुंबईहून बोटीच्या कंपनीकडून आले आहेत एवढे सांगितले. स्फोटाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. गावाने दोन गोष्टी जोडल्या. कोणी खोटे बोलले नाही, कोणी फसवले नाही. फक्त खरी तारीख लिहिलेला कागद त्या घराला वाचून दाखवणारे कोणी नव्हते, आणि पुढे तो कागद वाळवीने खाल्ला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आम्ही शोध सुरू केला तेव्हा जिथे जिथे विचारले तिथे पहिला प्रश्न एकच आला : जहाजाचे नाव काय? एका कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी आम्हाला आदराने बसवून घेतले, चहा दिला आणि प्रामाणिकपणे सांगितले की नाव, गाव, बापाचे नाव यावरून शोधण्याची सोय नाही, जहाज सांगितले तर काही करता येईल. त्यांचा दोष नव्हता. खलाशांचे कागद जगभर जहाजाच्या नावाने किंवा जहाजाच्या नोंदणी क्रमांकाने लावलेले आहेत. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात १९३९ ते १९४५ या काळातील ब्रिटिश जहाजांवरील खलाशांच्या याद्या आहेत, त्याही जहाजाच्या क्रमांकानेच लावलेल्या. घराला मात्र जहाज ठाऊक नसते. घराला माणूस ठाऊक असतो, त्याचा बाप, त्याचा मोहल्ला आणि तो कोणत्या महिन्यात गेला हे ठाऊक असते. कागद एका नावाने हाक मारतात आणि कुटुंब दुसऱ्या नावाने, म्हणून ऐंशी वर्षे दोघांची गाठ पडत नाही. माझी या पत्रातील विनंती इतकीच आहे की ही गाठ घालून द्यावी.

आमचा शोध पुढे सरकला तो एका नल्लीमुळे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकाला आमच्याकडे नल्ली म्हणतात. नल्लीशिवाय बोट मिळत नाही आणि खलाशाच्या घरात ती दागिन्यांइतकीच जपली जाते. मित्राच्या आईच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या ओढणीच्या घडीखाली, भरून गेलेली एक जुनी नल्ली होती. नवी नल्ली वडिलांसोबत समुद्रात गेली, ही जुनी घरी राहिली. तिचा कापडी पुठ्ठा काळा पडला आहे, शिवणीतला दोरा तुटला आहे, पण आतल्या पानांवरची शाई शाबूत आहे : एकेका ओळीत जहाजाचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा आणि शेवटी कप्तानाचा वर्तणुकीविषयीचा शेरा. ओळख पटवण्यासाठी उजव्या भुवईवर व्रण असल्याची नोंद आहे. मित्राने ती ओळ माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतली, कारण वडिलांचा फोटो घरात नाही आणि त्यांच्या चेहऱ्याविषयी त्याला मिळालेली ही पहिली लेखी माहिती होती.

नल्लीतील शेवटची नोंद जानेवारी १९४२ ची आहे, म्हणजे ज्या जहाजावर ते गेले त्याचे नाव तिच्यात असणे शक्यच नव्हते. पण एक गोष्ट तिने दाखवली. लागोपाठ पाच सफरी एकाच कंपनीच्या जहाजांवर होत्या. बोटीवर भरती सारंगामार्फत, म्हणजे खलाशांच्या मुकादमामार्फत, होत असे आणि सारंग सहसा कंपनी बदलत नसे, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना माहीत असते. त्यामुळे त्या कंपनीची १९४२ मध्ये बुडालेली जहाजे आम्ही एकेक करून तपासू लागलो आणि दुसऱ्या बाजूने राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या खुल्या नोंदींत नाव शोधू लागलो.

या आयोगाच्या नोंदींविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्यापैकी फार थोड्यांना त्या ठाऊक आहेत. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या आणि समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या सुमारे सहा हजार भारतीय व्यापारी खलाशांची, तसेच तत्कालीन शाही भारतीय नौदलातील सुमारे चारशे नाविकांची नावे एका स्मृतिग्रंथात लिहिलेली आहेत. त्याची एक प्रत मुंबईतील खलाशांच्या वसतिगृहात आणि तशीच दुसरी चितगावला आहे, कारण मुंबई बंदरातून कोकण, गुजरात, गोवा, पंजाब येथील माणसे भरती होत आणि कलकत्त्याहून सिल्हेट, नोआखाली, चितगावची. सहा हजार हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो खूप वेळ उलगडला नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत महायुद्धातील मराठी शिपायांचे उल्लेख आले, आणि ते योग्यच होते, परंतु मी छत्तीस वर्षे शिकवलेल्या कोणत्याही पुस्तकात खलाशाचे एक वाक्य नव्हते.

आयोगाच्या नोंदींत मित्राच्या वडिलांचे नाव टाकले तर काहीच मिळेना. कारण शेवटी कळले ते असे की त्यांचे नाव दोन शब्दांचे, त्यातला दुसरा शब्द बापाचे नाव. लेखनिकाने दुसरा शब्द आडनाव समजून पुढे घेतला होता आणि स्पेलिंग त्याच्या कानाला ऐकू आले तसे लिहिले होते. खरे आडनाव कुठेच नव्हते. ही एकट्याची गोष्ट नाही. इब्राहिम हे एकच नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेले मी या काळात पाहिले. त्याहून मोठा घोटाळा हुद्द्यांचा आहे. सारंग हा डेकवरच्या खलाशांचा मुकादम, पण कोकणात सारंग हे आडनावही आहे. तांडेल हा त्याच्या हाताखालचा, आणि तांडेल आडनावाची कोळी कुटुंबे किनाऱ्यावर कितीतरी आहेत. खलाशांचा स्वयंपाक करणारा तो भंडारी, आणि भंडारी ही तर रत्नागिरी आणि गोव्यातली मोठी जात. ज्या लेखनिकाला मराठी येत नव्हते त्याने हुद्दा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो हे कसे ओळखावे? हे काम आपल्याकडची माणसेच करू शकतात, आणि म्हणूनच सूची मुंबईत बसून, मराठी, कोकणी आणि उर्दू जाणणाऱ्यांच्या मदतीने व्हावी असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

गावांच्या नावांचेही तसेच आहे. जुन्या कागदांत रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही धरून, कारण तो १९८१ पर्यंत वेगळा नव्हता. त्याच वर्षी कुलाब्याचे रायगड झाले. मुरूड आणि श्रीवर्धन जंजिरा संस्थानात होते, म्हणजे तिथला खलाशी कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानचा रहिवासी नव्हता. गोव्याचा खानसामा किंवा बटलर पोर्तुगीज प्रजाजन होता आणि त्याचा मुंबईतला पत्ता बहुधा धोबीतलावच्या एखाद्या कुडीचा असे. नुसते संगणकात टाकून हे सुटणारे नाही. दापोली, मंडणगड, बाणकोट, हर्णै, दाभोळ या भागांची जुनी इंग्रजी स्पेलिंगे ज्यांनी पोस्टात किंवा शाळेत पाहिली आहेत अशी माणसे अजून हयात आहेत. मी त्यांपैकी एक आहे आणि विनामोबदला बसायला तयार आहे.

आम्हाला अखेर नोंद सापडली ती बापाचे नाव आडनावाच्या जागी टाकल्यावर. वय पाच वर्षांनी चुकलेले होते, गावाचे नाव मोडतोड झालेले होते, पण जहाजाचे नाव त्या कंपनीच्या १९४२ च्या यादीतलेच होते. तिथून पुढे माझ्या नातीने मदत केली. ती लंडनला शिकते. तिने क्यूला जाऊन त्या जहाजाच्या क्रमांकाची पेटी मागवली आणि खलाशांच्या यादीचे फोटो पाठवले. मित्राच्या पडवीत आम्ही ते तिच्या आतेभावाच्या फोनवर मोठे करून पाहिले. युरोपीय अधिकाऱ्यांची सही असलेले पान वेगळे आणि आपल्या माणसांचे वेगळे. आपल्या पानांवर सहीच्या जागी एकाखाली एक अंगठे. मित्राच्या वडिलांच्या नावापुढचा अंगठा थोडा तिरका उमटला आहे, शाई एका कडेला जास्त लागली आहे. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “मास्तर, ह्यांना कुठे सही करतोय ते कोणी सांगितलं असेल काय?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता मुंबईकडे येतो. १९२३ च्या भारतीय व्यापारी जहाज कायद्याप्रमाणे परदेशी जाणाऱ्या जहाजाचे खलाशांबरोबरचे करारपत्र दोन प्रतींत होत असे आणि त्यातली एक प्रत बंदरातील शिपिंग मास्तरकडे ठेवली जाई. याचा अर्थ ज्या जहाजावरची प्रत समुद्रतळाशी गेली त्याचीही दुसरी प्रत भरतीच्या बंदरात राहिलेली होती. मुंबईत भरती झालेल्या खलाशांच्या या प्रतींपैकी ज्या कोणत्या कार्यालयात, गोदामात किंवा दप्तरात ज्या काही उरल्या असतील त्यांची मोजदाद व्हावी, ही पहिली विनंती. रद्दीत काढण्याच्या यादीत त्या असतील तर त्या यादीतून आधी बाहेर काढाव्यात. कागद कोणत्या अवस्थेत आहेत हे प्रामाणिकपणे जाहीर केले तरी मोठे काम होईल. वाळवीने खाल्ले असतील तर खाल्ले असे लिहावे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या खेपा तरी वाचतील.

दुसरी विनंती सूचीची. प्रत्येक खलाशाचे नाव, बापाचे नाव, गाव, हुद्दा, जहाज आणि तारीख एवढ्या सहा गोष्टी पुरेत. मूळ स्पेलिंग जसेच्या तसे ठेवून शेजारी देवनागरीत संभाव्य रूपे द्यावीत. मूळ नोंद ‘दुरुस्त’ करू नये, कारण उद्याचा शोध कदाचित त्या चुकीवरूनच लागेल, जसा आमचा लागला. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. पहिल्या महायुद्धातील पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार वह्या लाहोरच्या संग्रहालयात वर्षानुवर्षे पडून होत्या. एका ब्रिटिश विद्यापीठाने आणि तिथल्या पंजाबी वारसा संस्थेने त्या संगणकावर आणून २०२१ पासून लोकांसाठी खुल्या करायला सुरुवात केली, आणि नातवंडे, पणतवंडे आपल्या गावाचे पान उघडून पाहू लागली. त्या वह्या सोप्या पडल्या कारण त्या मुळातच गाववार लिहिलेल्या होत्या. आपले कागद जहाजवार आहेत, म्हणून आपल्याला एक पायरी जास्त चढावी लागेल, एवढाच फरक.

तिसरी विनंती जमातींना आणि कुडींना आहे, आणि ती मी हात जोडून करतो. सरकारी कागदात जे नाही ते आपल्याकडे आहे. निकाहाच्या वहीत १९४३-४४ च्या सुमारास एखाद्या खलाशाच्या बायकोचा दुसरा निकाह लागला असेल, तर पहिल्या नवऱ्याविषयी काझीने काहीतरी खात्री करून घेतली असणार. ती नोंद मोलाची आहे. प्रेत नसताना मशिदीत गायबाना नमाज झाली असेल तर जुन्या माणसांना ती कोणासाठी झाली हे आठवत असेल. कुडींत बोटीवर जाताना लोक आपल्या ट्रंका ठेवून जात. न परतलेल्यांच्या ट्रंकांचे काय झाले याच्या वह्या कुठे असतील तर त्या फेकू नका. आणि घरोघरी पेटीत पडलेल्या नल्ल्यांचे फोटो काढून ठेवा. मूळ नल्ली कोणाला देऊ नका, फोटो मात्र द्या.

जहाज कंपन्यांपैकी बहुतेक आता नावानेही उरलेल्या नाहीत, काही दुसऱ्यांत विलीन झाल्या. ज्यांच्याकडे जुने दप्तर आले आहे त्यांनी घरच्यांना पाठवलेल्या रकमांच्या वह्या तपासाव्यात. त्यात पैसे कोणाच्या नावाने, कोणत्या पोस्टात गेले हे असते, म्हणजेच गाव असते.

युद्धसमाधी आयोगालाही मी वेगळे पत्र लिहिले आहे. पहिल्या महायुद्धात आफ्रिका व आशियातील मृतांची नोंद समान रीतीने झाली नाही, हे आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच मान्य करून माफी मागितली होती. मित्राच्या वडिलांच्या नावातली चूक दुरुस्त व्हावी यासाठी आम्ही नल्लीच्या पानांच्या प्रती पाठवल्या आहेत. नावाचा दुसरा शब्द आडनाव नसून आमच्या आजोबांचे नाव आहे, असे मित्राने स्वतःच्या हाताने मराठीत लिहून दिले आणि मी त्याचे इंग्रजी केले.

आता नावे का दिली नाहीत ते सांगतो. त्या यादीच्या पानावर मित्राच्या वडिलांच्या वरच्या ओळीत आणि खालच्या दोन ओळींत आमच्याच खाडीच्या पलीकडच्या काठावरील तिघांची नावे आहेत. त्यांचे अंगठेही तसेच, एकाखाली एक. चौघे एकाच सारंगाबरोबर एकाच दिवशी चढले असणार, आणि चौघांच्या पुढे बुडाल्याची तारीख एकच आहे. या तिघांपैकी एकाच्या घराची कहाणी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. तो परदेशी बंदरात बोट सोडून पळाला, तिथेच दुसरे घर केले, बायकोला आणि दोन मुलींना टाकले, असे त्या काठावर आणि या काठावर सर्रास बोलले जात असे. त्या घराला पैसेही आले नाहीत, कारण पत्ता चुकला असावा. मुलींची लग्ने जुळताना हे बोलणे निघाले होते. थोरली मुलगी गेली. धाकटी हयात आहे, नव्वदीच्या जवळ आहे आणि मुलाकडे भिवंडीला असते असे कळले आहे.

पुढच्या आठवड्यात मित्र आणि मी यादीच्या पानाची छापील प्रत घेऊन भिवंडीला जाणार आहोत. तिने ते आमच्याकडून ऐकावे, तिच्या वडिलांच्या नावाखाली आपले बोट ठेवून पाहावे, त्याआधी कुठल्या कागदात वाचू नये, म्हणून हे पत्र बिननावाचे आहे. बाकीच्या दोन घरांचा शोध चालू आहे. त्या पानावर एकूण एकोणीस नावे आहेत आणि त्यांपैकी पंधरांची गावे आम्हाला अजून वाचता आलेली नाहीत. त्या गावांची जुनी स्पेलिंगे ओळखण्यास आपल्या कार्यालयांतील कोणी मदत करू शकत असेल तर पानाची प्रत मी लगेच पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी